हळू वाढलेला साप जास्त जगतो

जुलै २०२० मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात एका बॉल पायथन मादीने सात अंडी घातली. एरवी यात बातमी होण्यासारखं काही नव्हतं. पण या मादीजवळ गेली किमान पंधरा वर्षं एकही नर नव्हता, आणि ती प्राणिसंग्रहालयात आली होती १९६१ साली, एका खाजगी मालकाकडून. म्हणजे अंडी घातली तेव्हा तिने साठी गाठली होती किंवा ओलांडलीही होती.

बॉल पायथन हा काही अवाढव्य अजगर नव्हे. पूर्ण वाढलेली मादी साधारण सव्वा ते दीड मीटर लांब, नर त्याहून लहान. वजन दीड-दोन किलोच्या आगेमागे. नीट सांभाळला तर हा साप घरी पंचवीस-तीस वर्षं जगतो. निगा चुकली तर तोच साप तीन-चार वर्षांतही जातो. जात तीच, अंगकाठी तीच, आणि आयुष्यात एवढी तफावत.

साप पाळणाऱ्यांमध्ये एक वाक्य नेहमी ऐकू येतं: मोठे साप जास्त जगतात. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. राहिलेला भाग माहीत नसल्यामुळे कितीतरी साप मालकाच्या मायेनेच लवकर मरतात. या लेखाचा सगळा खटाटोप त्या राहिलेल्या भागासाठी आहे.

वय मोजायचं कसं

एखादा साप किती जगतो, या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरं असतात. पहिलं म्हणजे त्या जातीतल्या एखाद्याने गाठलेलं सर्वांत मोठं वय. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातला एक बॉल पायथन तिथे ४७ वर्षांहून जास्त जगला. त्याच ठिकाणी पॉपाय नावाचा बोआ, म्हणजे अजगरासारखाच विळखा घालून भक्ष्य मारणारा साप, १९७७ साली मेला तेव्हा चाळीस वर्षं ओलांडून गेला होता. जोहान्सबर्गमधल्या ॲनी नावाच्या हिरव्या ॲनाकोंडा मादीचं वय २०२१ साली ३७ वर्षांहून जास्त नोंदवलं गेलं. कॉर्न स्नेकसारखा सडपातळ सापसुद्धा एका नोंदीत ३२ वर्षांपर्यंत पोचला आहे.

दुसरं उत्तर म्हणजे बऱ्यापैकी निगा असताना त्या जातीचे साप साधारण किती जगतात. कॉर्न स्नेक पंधरा ते वीस वर्षं, गार्टर स्नेक दहाच्या आसपास, बॉल पायथन आणि बोआ पंचवीस-तीस. साप घरी आणताना हाच आकडा डोक्यात ठेवायचा. विक्रमी आकड्याचा उपयोग एवढाच, की त्या शरीराची पोच किती आहे ते कळतं.

लक्षात घ्या, विक्रमी नोंदी बहुतेक प्राणिसंग्रहालयांतून आल्या आहेत. तिथे साप आल्याची तारीख लिहिलेली असते, हे त्याचं एक मोठं कारण. सापाकडे बघून त्याचं वय सांगता येत नाही. हाडाच्या आडव्या छेदात वाढीची वलयं दिसतात, पण तो छेद घ्यायचा तर साप मेलेला असावा लागतो. रॅटलस्नेकच्या शेपटीतल्या खुळखुळ्याच्या कड्या मोजाव्यात म्हटलं, तर दर कातीला एक कडी वाढते, वर्षातून अनेक काती पडतात आणि टोकाच्या कड्या तुटून जातात. लांबीवर तर अजिबातच भरवसा नाही. भरपूर खायला घातलेला दोन वर्षांचा साप बेताने वाढलेल्या पाच वर्षांच्या सापाएवढा दिसू शकतो. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

मोठी जात, मोठं आयुष्य: कारण काय

प्राण्यांच्या जातीजातींची तुलना केली की एक ढोबळ नियम दिसतो. उंदीर दोन-तीन वर्षांत संपतो, हत्ती साठ-सत्तर वर्षं जगतो. सापांतही असा कल आहे. त्यामागे दोन-तीन कारणं गुंतलेली आहेत.

पहिलं कारण शत्रूंचं. पेन्सिलीएवढ्या सापाला पक्षी खातो, बेडूक खातो, दुसरा साप खातो. तीन मीटरच्या बोआच्या वाटेला जाणारे फार थोडे. ज्या जातीला उद्याची शाश्वती नाही, तिच्यात लवकर वयात येऊन लवकर पिल्लं देणाऱ्यांचाच वंश टिकतो. वीस वर्षांनंतर शरीर कसं चालेल, याची काळजी निसर्गाने तिथे घेतलेली नसते, कारण वीस वर्षं गाठणारं कुणी नसतंच. उलट ज्या जातीत मोठे झालेले साप सहसा मारले जात नाहीत, तिथे शरीर टिकाऊ असण्याचा फायदा पिढ्यान्‌पिढ्या मिळत राहतो. २०२२ साली सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या ७७ जातींचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कवच किंवा विष अशी संरक्षणाची साधनं असलेल्या जाती सावकाश म्हाताऱ्या होतात, असं त्यात दिसलं. कवच आणि विष जे काम करतात, तेच काही अंशी थोराड अंगही करतं.

दुसरं कारण चयापचयाचं, म्हणजे शरीराची भट्टी किती जोरात पेटलेली आहे त्याचं. मोठ्या शरीरात ग्रॅममागे खर्च होणारी ऊर्जा कमी असते. तिसरं कारण साठ्याचं. मोठ्या शरीरात पाणी आणि चरबी जास्त मावते, आणि वजनाच्या मानाने कातडीचा पृष्ठभाग कमी असल्यामुळे ते शरीर लवकर सुकत नाही.

इथपर्यंत नियम सरळ वाटतो. आता त्यातल्या गाठी बघा. रेटिक्युलेटेड पायथन हा जगातला सर्वांत लांब साप, सहा मीटरच्या पुढे जाणारा. बर्मीज पायथनही थोराड. पण पाळीव अवस्थेत हे दोघं साधारण वीस-पंचवीस वर्षं जगतात, म्हणजे त्यांच्यापुढे चिमुकल्या दिसणाऱ्या बॉल पायथनहून जास्त नाही. रोझी बोआ तर बहुधा मीटरभरही भरत नाही, आणि चांगल्या हातात तो तीस वर्षं गाठतो. नुसती लांबीच आयुष्य ठरवत असती, तर हे घडलं नसतं.

रोझी बोआ अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या आणि मेक्सिकोतल्या कोरड्या, खडकाळ प्रदेशात राहतो. दिवसाचा आणि वर्षाचा बराचसा वेळ तो दगडांच्या कपारीत दडून काढतो. क्वचित खातो, हळू वाढतो, पिल्लंही थोडीच देतो. त्याचा सगळा संसारच सावकाश चालतो. माझ्या मते आकारापेक्षा जगण्याची ही गती जास्त बोलकी आहे. मोठ्या जाती जास्त जगतात त्या बऱ्याचदा सावकाश जगतात म्हणून. लहान असूनही जी जात सावकाश जगते, तिलाही लांब आयुष्य लाभतं.

एकाच तळ्याकाठचे दोन प्रकारचे साप

ही गोष्ट सर्वांत स्वच्छ दिसते ती कॅलिफोर्नियातल्या ईगल लेक नावाच्या तळ्याच्या परिसरात. तिथल्या पश्चिमी गार्टर स्नेकवर शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं काम केलं. ॲन ब्रॉनिकोव्स्की आणि स्टीव्हन अर्नोल्ड यांनी १९९९ साली त्याचे निष्कर्ष मांडले.

तिथे एकाच जातीचे साप दोन प्रकारच्या जागी राहतात. काही अगदी तळ्याकाठी, काही जरा उंचावरच्या गवताळ कुरणांत. तळ्याकाठी ऊब जास्त आणि खायला दरवर्षी भरपूर. कुरणात गारवा, आणि पाऊसपाण्यावर अवलंबून कधी बेडकांची चंगळ तर कधी दुष्काळ. तळ्याकाठचे साप भराभर वाढतात, अंगाने मोठे होतात, लवकर वयात येतात आणि जास्त पिल्लं देतात. कुरणातले लहान राहतात, उशिरा वयात येतात, थोडी पिल्लं देतात.

जास्त कोण जगतं? कुरणातले लहान साप. तळ्याकाठच्या सापांचं मध्यम आयुर्मान चार वर्षांच्या आसपास निघालं, कुरणातल्यांचं आठ. लहान साप दुप्पट जगले.

यातला बारकावाही सांगायला हवा. तळ्याकाठी शत्रूंचा उपद्रव जास्त असतो, त्यामुळे तिथल्या सापांच्या लवकर मरण्यात शत्रूंचा वाटा आहे. शिवाय हा फरक एका सापाला जास्त खायला मिळालं म्हणून एका पिढीत पडलेला नाही. तो अनेक पिढ्यांत रक्तात उतरलेला आहे. दोन्हीकडची पिल्लं सारख्या परिस्थितीत वाढवून पाहिली, तरी त्यांच्या वाढीच्या वेगात फरक राहिला. म्हणून या अभ्यासावरून ‘सापाला कमी खायला घाला, आयुष्य दुप्पट होईल’ असं गणित मांडणं चूक ठरेल. पण एक गोष्ट त्यातून पक्की कळते. वेगवेगळ्या जातींची तुलना करताना मोठा आकार लांब आयुष्याकडे बोट दाखवतो, पण एकाच जातीच्या आत भराभर मोठं होणं हे उलट्या दिशेचं लक्षण असू शकतं. कुत्र्यांत हेच आपण रोज बघतो. ग्रेट डेनसारखे धिप्पाड कुत्रे आठ-दहा वर्षांत जातात आणि इवलासा चिवावा पंधरापर्यंत टुणटुणीत असतो. जात एकच, कुत्रा.

एका जेवणाने शरीरात काय होतं

पाळीव सापाच्या बाबतीत वाढीचा वेग आपल्या हातात असतो, कारण भक्ष्य कधी आणि किती द्यायचं ते आपण ठरवतो. म्हणून सापाच्या शरीरात जेवणानंतर काय घडतं ते समजून घेऊ.

आपण रोज खातो, त्यामुळे आपली आतडी कायम कामाच्या तयारीत असतात. अजगराचं तसं नाही. दोन जेवणांच्या मधल्या काळात तो आपलं पचनाचं यंत्र जवळजवळ बंद करून ठेवतो. भक्ष्य पोटात गेलं की ते सगळं पुन्हा उभं राहतं. बर्मीज पायथनवरच्या प्रयोगांत दिसलं, की मोठ्या जेवणानंतर त्याचा चयापचय कित्येक पटींनी वाढतो, काही वेळा चाळीसपटीच्याही वर. दोन दिवसांत हृदयाचं वस्तुमान सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं. आतडी, यकृत, मूत्रपिंडं फुगतात. पचन आटोपलं की हे सगळे अवयव हळूहळू पुन्हा लहान होतात. दर जेवणामागे एवढी उलथापालथ. अशा टोकाच्या चढउतारांत बर्मीज पायथन वरच्या पायरीवर आहे. वरचेवर खाणाऱ्या जातींत त्या मानाने चढउतार कमी. पण अजगर आणि बोआ यांचं शरीर मेजवानी आणि मग लांब विश्रांती, याच लयीवर बेतलेलं आहे.

आता दर पाच दिवसांनी मोठा उंदीर मिळणारा बोआ डोळ्यांपुढे आणा. एक जेवण निस्तरतं न निस्तरतं तोच दुसरं येतं. विश्रांतीची पाळी येतच नाही. साप पाळणाऱ्यांत या प्रकाराला ‘पॉवर फीडिंग’ म्हणतात. वीण लवकर मिळावी किंवा साप लवकर मोठा दिसावा म्हणून मुद्दाम तसं करणारेही आहेत. पण घरोघरी हे घडतं ते बहुतेक वेळा मायेपोटी. साप जिभेने चाचपत काचेपाशी आला की वाटतं, भूक लागली असेल. निसर्गात पुढचं भक्ष्य कधी मिळेल याचा नेम नसतो, म्हणून बऱ्याच जातींचे साप पोट भरलेलं असतानाही समोर आलेलं गिळतात. साप खातो आहे, यावरून त्याला गरज होती असं ठरत नाही.

जास्तीचं अन्न चरबी होऊन बसतं, आणि सापाची चरबी आधी आत साठते, पोटातल्या आतड्यांभोवतीच्या चरबीच्या थैल्यांत. बाहेरून साप गुबगुबीत दिसायला लागतो तेव्हा आतली जागा बरीच भरलेली असते. मग यकृतात चरबी उतरते. त्याला फॅटी लिव्हर म्हणतात, आणि सापात ते वर्षानुवर्षं मुकं राहतं. वरून साप थोराड, चकचकीत, पाहुण्यांनी कौतुक करावं असा. एक दिवस तो खाणं सोडतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

मला या विषयात सर्वांत जास्त कळकळ वाटते ती इथेच. उपाशी ठेवलेला साप कुणालाही दिसतो आणि लोक हळहळतात. लाडाने मारलेला साप शेवटपर्यंत निरोगी समजला जातो.

मग पाहायचं कसं? बहुतेक सापांचा आडवा आकार साधारण गोल असावा, पाठीचा कणा हाताला जाणवावा पण धारेसारखा वर आलेला नसावा. बॉल पायथनच्या पाठीला किंचित उतार असतो, तो चालतो. अंग घराच्या छपरासारखं त्रिकोणी दिसत असेल तर साप रोड झाला आहे. कणा चरबीच्या दोन वळकट्यांमध्ये बुडाला असेल, वेटोळं घातलेलं नसतानाही खवल्यांमधली कातडी ताणून दिसत असेल, शेपटीची सुरुवात एकदम वेगळी पडलेली दिसत असेल किंवा अंग वळवलं की घड्या पडत असतील, तर साप लठ्ठ आहे.

भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी किंवा थोडी कमी, हा अंदाज बऱ्याच पाळीव जातींना चालतो. पिल्लांना आठवड्याला एकदा, मोठ्या झालेल्या कॉर्न स्नेकला दहा-चौदा दिवसांनी. वाढ पूर्ण झालेल्या बॉल पायथनला किंवा बोआला तीन-चार आठवड्यांनी, मोठ्या बोआला त्याहूनही उशिरा दिलं तरी बिघडत नाही. गार्टर स्नेकचं मात्र वेगळं. तो अंगाने बारीक, भट्टी जोरात, खाणं लहान आणि वरचेवर. त्याला बोआचं वेळापत्रक लावलं तर तो खंगेल. आणि पिल्लाला हळू वाढवायचं म्हणजे उपाशी ठेवायचं, असाही अर्थ कुणी काढू नये. वाढत्या पिल्लाची उपासमार झाली तर ते नुकसान भरून निघणं अवघड असतं.

यासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आणि एक वही, एवढं सामान पुरतं. महिन्यातून एकदा वजन, भक्ष्य दिल्याची तारीख, कात टाकल्याची तारीख लिहायची. बॉल पायथन, विशेषतः नर, थंडीच्या किंवा विणीच्या काळात दोन-तीन महिने तोंड फिरवून बसतात. मालक घाबरतो, डझनभर उपाय करतो आणि सापाचा ताण आणखी वाढवतो. वही असली तर कळतं, की वजन जवळपास तिथेच आहे आणि वाट पाहायला हरकत नाही. दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर मात्र सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे जायचं.

लहान साप चूक लगेच दाखवतो, मोठा साप दडवून ठेवतो

निगेच्या बाबतीत आकाराचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. पंधरा ग्रॅमच्या पिल्लाच्या शरीरात पाण्याचा साठाच किती असणार? साप ठेवलेली पेटी तापली, पाण्याचं भांडं कोरडं पडलं, तर त्याची एका-दोन दिवसांत वाताहत होते. तीच चूक पाच किलोच्या बोआने सहन केली असती. म्हणून पिल्लं चटकन दगावतात आणि मोठे साप ‘कणखर’ समजले जातात.

पण हा कणखरपणा फसवा असतो. थोड्या कमी उबेत, थोड्या कोरड्या हवेत ठेवलेला मोठा साप वर्षानुवर्षं चालत राहतो आणि त्याची किंमत मूत्रपिंडं भरत असतात. साप आपल्यासारखी पातळ लघवी करत नाही. तो यूरिक आम्ल पांढऱ्या, घट्ट रूपात बाहेर टाकतो. शरीरात पाणी कायम कमी पडलं तर ते बाहेर पडण्याऐवजी अवयवांवर साचतं. माणसाला यूरिक आम्ल साचून होणारा गाउट (वातरक्त) तो हाच, सापातला. म्हणून पाण्याचं भांडं कायम भरलेलं आणि स्वच्छ हवं. शक्य असेल तर साप त्यात बसू शकेल एवढं मोठं.

निगेतली पहिली गोष्ट कोणती, असं विचारलं तर मी तापमान म्हणेन. सापाला सहसा स्वतःची ऊब तयार करता येत नाही. पचन, रोगप्रतिकार, जखम भरणं, सगळं बाहेरच्या उबेवर चालतं. म्हणून पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी गार हवी, म्हणजे साप आपल्या गरजेनुसार जागा बदलतो. बॉल पायथनसाठी उबदार बाजू साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि गार बाजू २५ ते २७. कॉर्न स्नेकला उबदार जागी २९ ते ३१ आणि दुसऱ्या टोकाला २२ ते २५ पुरतं. ऊब कमी पडली तर गिळलेलं भक्ष्य पचण्याआधी पोटातच कुजायला लागतं आणि साप ते ओकतो. असं झालं तर लगेच पुन्हा खायला देऊ नये. दहा-बारा दिवस थांबून, तापमान दुरुस्त करून, नेहमीपेक्षा लहान भक्ष्य द्यावं.

ऊब जास्त झाली तर आणखी वाईट. सापाला पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही, तो तापलेल्या जागेवर तसाच पडून राहतो आणि पोटाचे खवले भाजून निघतात. त्यामुळे उब देणारं कुठलंही उपकरण थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप आवरणाऱ्या यंत्राशिवाय, लावू नये. खर्च वाचवायचा असेल तर सजावटीवर वाचवा, थर्मोस्टॅटवर नको.

दमटपणाचं गणित जातीप्रमाणे बदलतं. बॉल पायथनला साठ ते ऐंशी टक्के आर्द्रता मानवते. रोझी बोआला तेवढ्यात ठेवलं तर तो आजारी पडेल. हवा कोरडी पडली की कात तुकड्यातुकड्यांनी निघते, शेपटीच्या टोकाला अडकून रक्तपुरवठा तोडते. डोळ्यावरचा पारदर्शक खवलाही मागे राहतो. तो नखाने किंवा चिमट्याने ओढणारे लोक सापाचा डोळा घालवून बसतात. ओलसर शेवाळ घातलेला झाकणाचा डबा ठेवला तर बहुतेक वेळा पुढच्या कातीबरोबर तो सुटतो, नाही सुटला तर पशुवैद्य आहे. दुसऱ्या टोकाला, खाली कायम चिखल आणि हवा कोंडलेली असेल तर पोटाचे खवले सडतात.

श्वसनाच्या आजारांबद्दल थोडं सविस्तर, कारण सापांत ते फार दिसतात. सापाला छातीचा पडदा नसतो, म्हणजे आपल्यासारखं खोकून कफ बाहेर फेकता येत नाही. बहुतेक जातींत कामाचं फुप्फुस एकच, उजवं, लांबलचक पिशवीसारखं. त्यात एकदा स्राव साचला की तो तळाशी बसून राहतो. गार, कोंदट पेटीत राहणाऱ्या सापाच्या तोंडाशी बुडबुडे दिसले, श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला किंवा तो मान वर करून, तोंड उघडून श्वास घेऊ लागला, तर घरगुती उपाय करत बसण्याची ती वेळ नव्हे.

जागेचा वाद जुना आहे. साप लहान डब्यात सुरक्षित वाटून घेतो, म्हणून लहान डबाच बरा, असं काही जण ठामपणे सांगतात. दडायला अंगाला घट्ट बसणारी जागा हवी, हे खरंच आहे. एक उबदार बाजूला, एक गार बाजूला, अशा दोन हव्यात. पण दडायची जागा आणि राहायची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरेशी जागा मिळाली तर साप बऱ्याचदा जवळपास सरळ ताणून पडलेले दिसतात. पेटी निदान एवढी लांब असावी की सापाला पूर्ण ताणता येईल. न हलणाऱ्या सापाचे स्नायू ढिले पडतात आणि चरबी वाढते, त्यामुळे हा मुद्दा पुन्हा आयुष्याशीच येऊन भिडतो. अवाढव्य जातींबद्दल म्हणूनच मी सावध राहायला सांगेन. सहा मीटरच्या सापाला ताणून पडता येईल अशी जागा किती जणांकडे असते? कायद्याने कोणता साप पाळायला मुभा आहे हे देशागणिक वेगळं असतं, ते तर आधीच पाहायला हवं.

जिवंत उंदीर देण्यापेक्षा गोठवलेला, पूर्ण वितळवून कोमट केलेला उंदीर बरा. भूक नसलेल्या सापाला पेटीत सोडलेला उंदीर कुरतडतो आणि त्या जखमा जीवघेण्या ठरू शकतात. नवा साप आणला तर तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या सामानासह ठेवावा. माइट्स हे बारीक काळे किडे एका पेटीतून दुसरीत सहज जातात. बोआ आणि अजगरांना होणारा इन्क्लुजन बॉडी डिसीज हा विषाणूचा आजार तर असा, की बोआ कित्येक महिने, वर्षंसुद्धा लक्षण न दाखवता तो बाळगू शकतो, आणि त्यावर औषध नाही. रानातून पकडलेले साप बऱ्याचदा परजीवींसह येतात, कैदेत खात नाहीत आणि लवकर मरतात. पाळीव अवस्थेत जन्मलेलं पिल्लू घेणं यासाठीही बरं.

मादीबद्दल एक वेगळी गोष्ट. अजगर, बोआ आणि इतर बऱ्याच जातींत मादी नरापेक्षा मोठी असते, तरी मोठी म्हणून तीच जास्त जगेल असं नाही. अंडी किंवा पिल्लं तयार करताना तिच्या शरीरातला साठा उपसला जातो, बहुतेक जणी त्या काळात खातही नाहीत, आणि एखादं अंडं अडकलं तर जिवावर बेततं. दरवर्षी वीण घेतलेली मादी आणि एखादं-दुसरं वर्ष मोकळं मिळालेली मादी यांच्या अंगाकडे नुसतं पाहिलं तरी फरक दिसतो.

म्हातारा साप

वरचं सगळं जमलं, तर एक दिवस तुमच्याकडे म्हातारा साप असेल. त्याची निगा कशी करावी हे फार कमी जण सांगतात.

वाढ जवळपास थांबलेली असते, म्हणून काती लांबतात. भूक मंदावते. कण्याच्या सांध्यांत ताठरपणा येतो, वळणं आधीसारखी सैल पडत नाहीत, पूर्वी सहज चढायचा त्या फांदीवरून घसरतो. काहींची नजर धूसर होते. म्हाताऱ्या कॉर्न स्नेकमध्ये गाठीही आढळतात, म्हणून महिन्याच्या वजनाच्या वेळी अंगावरून सावकाश हात फिरवावा. एका बाजूला कडक फुगवटा लागला तर दाखवून घ्यावा.

फांद्या खाली आणाव्यात. पाण्याचं भांडं उथळ कडेचं ठेवावं आणि उबदार दडणीच्या जवळ आणावं, म्हणजे तहान लागल्यावर त्याला पेटी पार करावी लागत नाही. पूर्वी एक मोठा उंदीर दिला जायचा तिथे आता लहान द्यावा, पचायला सोपा. कात अडकायला लागली तर ओलसर डबा कायमचाच ठेवावा. हाताळताना अंगाला दोन्ही हातांचा आधार द्यावा, आणि तो परत जायला निघाला की जाऊ द्यावं.